चुनखडीच्या उथळ जमिनीत लागवड: सोलापूरच्या माळरानासाठी क्रमवार पद्धत

दर मे महिन्यात तोच प्रश्न येतो. ‘माळाची दोन एकर जमीन आहे, फूटभर माती, खाली पांढरा मुरूम. डाळिंबाची रोपं बुक केलीत. आता काय काळजी घेऊ?’ याला उत्तर देणं अवघड जातं, कारण क्रमच उलटा लागलेला असतो. आधी रोपं, मग ठिबक, मग जेसीबी, आणि पानं पिवळी पडली की सगळ्यात शेवटी माती परीक्षण. खाली दिलेला क्रम पाळला तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोट, उत्तर-दक्षिण सोलापूर, कुठल्याही तालुक्यातली बरड, मुरमाड, पांढरट जमीन असो, क्रम हाच.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ‘आमच्याकडे खाली चुन्याचा खडक आहे’ असं बरेच जण म्हणतात. खरा चुनखडक आपल्या शेजारी, कलबुर्गीकडे आहे; घराघरात बसवलेली शहाबादी फरशी तिथलीच. सोलापूरच्या बुडाशी काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. हा दगड झिजताना त्यातलं कॅल्शियम सुटतं, आणि पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपासचा आपला पाऊस ते धुऊन खोल नेऊ शकत नाही. ते कमी खोलीवरच पांढरे खडे, भुकटी किंवा दगडावरचं साल होऊन साचतं. म्हणून आपल्याकडे चुना सलग पसरलेला नसतो. एकाच गटात विहिरीकडच्या बाजूला नावालाही नाही आणि बांधाकडे हातभर खाली पांढरंफेक, असं सर्रास दिसतं. पहिल्या टप्प्यात एका खड्ड्यावर भागत नाही ते याच कारणाने.

## टप्पा १: आधी खड्डा, बाकी सगळं नंतर

वेळ: एप्रिल-मे. शेणखत टाकायच्या आणि नांगरट करायच्या आधी.

एकरी किमान तीन खड्डे घ्या: उताराच्या वर, मधे आणि खाली. जमिनीचा रंग जिथे बदलतो तिथे आणखी एक. पहार-टिकावाने खणा. जेसीबीचं बकेट मातीचे थर एकमेकांत कालवतं आणि बघायचं तेच नाहीसं होतं. पहार वाजेपर्यंत, नाहीतर तीन फुटांपर्यंत जा.

खड्ड्याची उन्हाकडची भिंत खुरप्याने तासून घ्या आणि खाली बसून नीट बघा. वर भुरकट-काळसर माती. मग ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे दिसू लागतात, खाली जावं तसे ते बोराएवढे होतात. त्याखाली पिवळसर मुरूम, आणि मग मांजऱ्या खडक. मागच्या पिकाची मुळं शोधा. ती मुरमाच्या फटींतून खाली उतरली असतील तर ठीक. ठरावीक रेषेवर येऊन सगळी आडवी वळली असतील तर तुमच्या जमिनीची खरी खोली त्या रेषेपर्यंतच आहे, टेप काहीही म्हणो.

आता खोली मोजा, पण खडे वजा करून. एक घमेलंभर माती बारीक चाळणीने चाळा. निम्मे खडे निघाले तर ४० सेंटीमीटर खोलीचा हिशोब २० सेंटीमीटरच धरायचा. खड्यांत ओल राहत नाही. ही वजाबाकी बहुतेक जण करत नाहीत आणि हलक्या जमिनीत मध्यम जमिनीचं पीक घेऊन बसतात.

तपासणी: खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर खाली गच्च थर आहे. अशा ठिकाणी डाळिंबाचा विचार तात्पुरता बाजूला ठेवा. पाणी तासाभरातच गेलं तर निचरा भरपूर आहे, पण ओल टिकणार नाही. दोन्ही नोंदी वहीत लिहा, पुढे लागतात.

## टप्पा २: चुना आहे का, आणि कुठल्या रूपात

प्रयोगशाळेत वापरतात ते पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल मिळालं तर उत्तम. नाहीतर घरातला व्हिनेगर चालेल, फक्त फेस मंद येतो. आधी शहाबादी फरशीच्या तुकड्यावर, कोपरा थोडा खरवडून, थेंब टाका. बुडबुडे आले म्हणजे तुमचं आम्ल काम करतंय. मग खड्ड्याच्या भिंतीवर वरून खाली, दर चार बोटांवर एकेक थेंब.

कुठून फसफस सुरू होते ती खोली नोंदवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशावर फसफसतंय ते पाहणं. फक्त सुट्या खड्यांवर फेस येत असेल आणि मधली माती शांत असेल तर त्रास कमी. खडा घट्ट असतो, मुळाला फारसा नडत नाही. मातीच फसफसत असेल, बोटाला पिठासारखी पांढरी भुकटी लागत असेल, तर तो चुना मुळाभोवतीच्या पाण्यात सतत विरघळत राहतो आणि पिकाला लोह मिळू देत नाही. अहवालात दोन्हींची टक्केवारी सारखीच दिसू शकते. शेतात मात्र फरक पडतो.

सावधान: पांढरं दिसतं ते सगळं चुनाच असं नाही. उन्हाळ्यात वर फुललेलं पांढरं मीठ असेल तर फेस येत नाही किंवा अगदी नावापुरता येतो. त्याचा इलाज वेगळा. संडास साफ करायचं रंगीत आम्ल या कामाला वापरू नका. तीव्र असतं, डोळ्यात उडतं.

## टप्पा ३: नमुना आणि अहवाल

फळबागेसाठी नमुने थराप्रमाणे वेगळे: पहिला फूट एका पिशवीत, दुसरा फूट दुसऱ्या पिशवीत. सगळं कालवून एक किलो माती दिली की वरची चांगली माती खालच्या चुन्यावर पांघरूण घालते. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असल्याने गंजलेलं घमेलं किंवा खताची रिकामी पोती नकोत. प्लास्टिकची बादली, स्वच्छ कापडी पिशवी.

प्रयोगशाळेत ‘नत्र-स्फुरद-पालाश’ एवढंच सांगून परत येऊ नका. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना, लोह आणि जस्त मागा. माती पावसाने चोपण होऊन पापुद्रा धरत असेल तर विनिमययोग्य सोडियमही. सोबत बोअरच्या पाण्याची बाटली द्या आणि त्यात बायकार्बोनेट तपासायला सांगा. पाण्याचा अहवाल नसेल तर मातीचा अहवाल अर्धाच समजायचा, कारण चुनखडीच्या जमिनीतला पिवळेपणा कित्येकदा बोअरमधून येतो.

वाचताना आधी मुक्त चुना बघा. ५ टक्क्यांच्या आत असेल तर निवडीला मोकळीक. ५ ते १० मध्ये पीक विचारपूर्वक निवडा. १० च्या वर असेल तर लिंबू, मोसंबी, संत्रा हे विषय बंद करा. सामू ८ च्या वर गेला म्हणून घाबरायचं कारण नाही; मुक्त चुन्याच्या जमिनीत तो साधारण ८ ते ८.५ असतोच. साडेआठच्या पुढे सरकला तर मात्र सोडियमचा आकडा बघा.

## टप्पा ४: खोलीवरून पीक ठरवा

आता उथळ जमिनीचं गणित. बारीक मातीच्या एका सेंटीमीटर थरात पिकाला घेता येईल अशी ओल ढोबळमानाने दीड मिलिमीटर मावते. खडे वजा जाता २० सेंटीमीटर माती असेल तर जमिनीची टाकी ३० मिलिमीटरची. भरात आलेलं पीक दिवसाला ५ मिलिमीटर घेतं. म्हणजे सहा दिवस. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे पाऊस दडी मारतो, त्यात सहा दिवसांची टाकी किती पुरणार? पीक निवडताना चुन्याच्याही आधी हा हिशोब करा.

२०-२२ सेंटीमीटरपर्यंत. इथे धान्याचा हट्ट सोडा. हुलगा, मटकी, फार तर बाजरी. त्याहून शहाणपणाचं म्हणजे गवत: मारवेल, अंजन, सोबत स्टायलो. शेळ्या-मेंढ्या असतील तर कधी पिकणाऱ्या, कधी करपणाऱ्या बाजरीपेक्षा हे बरं पडतं. बांधाने बोर, सीताफळ, चिंच लावता येतात, पण मुरूम फुटका असेल तरच. गच्च असेल तर सीताफळही खुरटतं.

२२ ते ४५ सेंटीमीटर. सोलापूरच्या माळाचा बराच भाग यातच बसतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. खरिपात बाजरी आणि तूर, आंतरपीक म्हणून. रब्बीत ज्वारी घ्यायची तर हलक्या जमिनीसाठीचंच वाण घ्या: फुले अनुराधा, फुले माऊली. मालदांडी ३५-१ ला मध्यम जमीन लागते, फुले वसुधा आणि फुले यशोदा भारी जमिनीसाठी. शेजाऱ्याच्या काळ्या रानात वसुधाचं कणीस बघून तेच बी माळावर पेरलं की फुलोऱ्यातच ओल संपते. हलक्या रानाची पेरणी आधी उरकायची, भारी रान थांबू शकतं. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीतला पहिला पंधरवडा माळाला द्या.

फळबागेत याच गटात डाळिंब, सीताफळ, बोर, आवळा बसतात. चुना जास्त असेल तर बोर आणि आवळा अधिक खात्रीचे. डाळिंब मध्यम चुना सोसतं, पण निचरा नसेल तर मर रोग फार लवकर येतो. टप्पा १ मधल्या पाण्याच्या तपासणीत नापास झालेल्या जागी डाळिंब लावायचं धाडस करू नका, केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या दारात तुमचं शेत असलं तरी.

४५ सेंटीमीटरच्या पुढे. ही जमीन उथळ राहत नाही. करडई, हरभरा, मध्यम जमिनीची ज्वारी सगळं येतं. फक्त चुना तपासा.

भुईमूग, सोयाबीन आणि उसाचा खोडवा ही तिन्ही पिकं पिठूळ चुन्याच्या रानात हमखास पिवळी पडतात. घ्यायचीच असतील तर केवड्याच्या, म्हणजे लोहाअभावी येणाऱ्या पिवळेपणाच्या, फवारणीचा खर्च आधीच धरून चाला.

## टप्पा ५: खालचं वर आणू नका

सगळ्यात महागडी चूक इथे होते. माळ ‘तोडायला’ जेसीबी लावतात, दोन फूट उकरतात, वरची फूटभर माती खाली जाते आणि पांढरा मुरूम वर येतो. काळं रान एका दुपारीत भुरकं होतं. ती माती परत बनायला पिढ्या लागतील. वर आलेल्या त्या भुकटीत पुढची दहा वर्षं लोह-जस्त ओतत राहावं लागतं.

खालचा थर फोडणं गरजेचं असतं, पण उलटापालट न करता. सबसॉयलर किंवा रिपरचा एक दात, उताराला आडवा, रान कोरडं असताना. थराला तडे जातात आणि माती जागेवर राहते. ओल्या रानात रिपर चालवला तर तडे जात नाहीत, नुसती भेग पडून मिटते.

सपाटीकरण करायचंच असेल तर वरची माती आधी एका बाजूला ढीग करून ठेवा, मुरूम सपाट करा, मग माती परत पसरा. चालकाला हे काम सुरू व्हायच्या आधी, खड्डा दाखवून सांगा. तासावर पैसे घेणाऱ्याला दोनदा माती हलवायची हौस नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तळ्याचा गाळ. माळावर गाळ टाकणं चांगलं, पण हिशोब करून. एका एकरात ४ इंचांचा थर द्यायचा तर साधारण १४५ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो, इंचाला ३६. दहा-वीस खेपा टाकून अख्खं एकर झाकलं असं समजण्यात अर्थ नाही. तेवढाच गाळ फळझाडांच्या ओळींपुरता द्या, फरक दिसेल.

गाळ टाकण्याआधी तपासणी: गाळावरही आम्लाचा थेंब टाका. आपल्या तळ्यांत चुन्याचंच रान धुऊन येतं, त्यामुळे गाळही फसफसू शकतो. गाळ उन्हाळ्यात पसरून वाळू द्या आणि कुळवाने वरच्या मातीत मिसळा. तसाच ठेवला तर तो मुरमावर वेगळी पोळी धरून बसतो, वर चिखल आणि खाली कोरडं.

चुना काढता येईल का? नाही. ‘गंधक टाका, चुना मरतो’ हे ऐकलं असेल तर हा हिशोब बघा. एकरातल्या सहा इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. त्यात १ टक्का चुना म्हणजे ९ टन. तेवढा विरघळवायला सुमारे ३ टन गंधक. अहवालात १२ टक्के निघाला, तर याच्या बारापट. थोडं गंधक शेणखतातून मुळाशी द्या, त्याने मुळाभोवती लोह-स्फुरदाची उपलब्धता जरा सुधारते. जमिनीचा सामू बदलेल ही आशा ठेवू नका. जिप्समची कथा वेगळीच. जिप्सम हे सोडियमवरचं औषध, आणि ते स्वतःच कॅल्शियमचं क्षार. चुन्याच्या जमिनीत, सोडियम जास्त नसताना जिप्सम टाकणं म्हणजे पोती रिकामी करणं.

## टप्पा ६: ओल अडवा

उतार कितीही कमी असो, पेरणी आणि मशागत आडवीच. रब्बीच्या रानात जुलैतच बंदिस्त वाफे करा. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो आणि तो जागच्या जागी मुरला पाहिजे. बांधाचं पाणी एका सांडीतून काढा, नाहीतर पहिल्याच जोराच्या सरीत फूटभर मातीतली दोन बोटं निघून जातात. शेततळं मुरमात काढणार असाल तर प्लास्टिकचं अस्तर गृहीत धरूनच खर्च मांडा.

## टप्पा ७: फळबाग, खड्डा की गादीवाफा

दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा हा सल्ला खोल जमिनीसाठी ठीक. गच्च मुरमात तो खड्डा म्हणजे हौद. आत मऊ माती-शेणखत, चारी बाजूंनी दगड. पावसाळ्यात पाणी साठतं, मुळं कुजतात, आणि वाचलेली मुळं खड्ड्यातच गोल फिरत राहतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळांचा भार आला की झाड अचानक बसतं आणि मग सगळा दोष रोपवाटिकेवर जातो.

क्रम असा ठेवा:

१. ओळींची आखणी करा. डाळिंबाला साधारण १५ बाय १० फूट.

२. ओळीच्या रेषेवर रिपर चालवून खालचा थर फोडा.

३. दोन ओळींच्या मधली फक्त वरची माती ओढून ओळीवर तीन फूट रुंद, दीड फूट उंच गादीवाफा करा. पांढरं दिसायला लागलं की फाळ थांबवा.

४. वाफ्यात कुजलेलं शेणखत मिसळा. ओलं, गरम शेण नको.

५. वाफा एका पावसाने बसू द्या. लगेच लावलं तर रोप माती खचून उघडं पडतं.

६. मग लागवड, ठिबक, आणि बुंध्याभोवती पाचट किंवा तुरीच्या काड्यांचं आच्छादन, बुंध्याला न टेकवता.

खड्डे खणायचेच झाले तर निघालेला पांढरा मुरूम पुन्हा खड्ड्यात भरू नका. तो रस्त्यावर टाका, रस्ता तरी होईल.

तपासणी: वाफा खुरप्याने उकरून वीत-दीड वीत खालच्या मातीवर आम्लाचा थेंब टाका. भरपूर फेस आला तर माती ओढताना खालचा थर आलाय. रोपं लावायच्या आधीच कळलेलं बरं.

## टप्पा ८: खतं देण्याची पद्धत

युरिया असो की अमोनियम सल्फेट, चुनखडीच्या रानात उघड्यावर फेकलं की नत्र अमोनिया होऊन उडतं. झाकून द्या किंवा ठिबकमधून. स्फुरद चुन्याशी बांधला जातो, म्हणून तो पसरू नका. दोन चाड्यांच्या पाभरीने बियाच्या खाली, फळबागेत शेणखतात मिसळून मुळाच्या पट्ट्यात. उथळ जमिनीत एकदम मोठा हप्ता धरून ठेवायला माती नसते, त्यामुळे थोडं थोडं, जास्त वेळा.

## टप्पा ९: केवडा पडलाच तर

आधी ओळखा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र. नत्राच्या पिवळेपणावर लोह फवारून काही होत नाही, आणि हा घोळ दुकानाच्या काउंटरवर रोज होतो.

लोहाचा केवडा नक्की झाल्यावर पहिलं काम: पाणी कमी करा. जमीन सतत चिंब असली की चुना आणि मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळून बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाला लोह घेता येत नाही. पुष्कळदा दोन पाळ्या लांबवल्या, वाफसा आला, की नवं पान हिरवं निघतं.

तरीही नाही निघालं तर फेरस सल्फेट ०.५ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, सोबत १० ग्रॅम सायट्रिक आम्ल. आधी सायट्रिक आम्ल विरघळवा, मग फेरस सल्फेट. द्रावण हिरवट असताना लगेच फवारा. तांबूस झालं तर ओतून द्या. ऊन उतरल्यावर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

जमिनीतून द्यायचं तर पोतं फोडून फेरस सल्फेट टाकू नका. चुन्यात ते पाहता पाहता गंजासारखं बसतं. कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून मुळाजवळ द्या. चिलेटेड लोह घेताना पुडीवरचं नाव वाचा: ईडीटीए प्रकार आपल्या सामूला टिकत नाही, फवारणीपुरता ठीक. जमिनीतून किंवा ठिबकमधून देण्यासाठी ईडीडीएचए. ते महाग आहे, म्हणून आधी दोन ओळींना देऊन पंधरा दिवस नवी पालवी बघा. फरक पडला तरच पूर्ण बागेचं आणा.

त्याच दिवशी ठिबकच्या शेवटच्या तोट्या उघडून बघा. तोटीला पांढरं साल धरलं असेल तर बोअरचं पाणी रोज थोडा थोडा चुना रानात टाकतंय आणि शेवटच्या झाडांना पाणीही कमी मिळतंय. नळ्यांना आम्ल प्रक्रिया करा: पाण्याचा सामू ४ च्या आसपास येईल एवढं आम्ल, चोवीस तास नळीत मुक्काम, मग शेवटची टोकं उघडून धुणं. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॅनचं झाकण उघडू नका.